लेस पॉलचं फिफ्टीज वायरिंग की मॉडर्न वायरिंग: कपॅसिटरचं एक टोक कुठे जोडायचं

इलेक्ट्रिक गिटारमध्ये टोनचा कपॅसिटर जोडायच्या दोन पद्धती आहेत, फिफ्टीज वायरिंग आणि मॉडर्न वायरिंग. व्हॉल्यूमचा नॉब दहावर असेल तर त्या दोन्हींत काहीही फरक नाही. पॉट, म्हणजे नॉबखालचा तीन पायांचा बदलता रोध, पूर्ण उघडला की त्याचा मधला पाय आणि पिकअपकडचा (तारांचं कंपन टिपणाऱ्या कॉइलकडचा) पाय एकच होतात, आणि दोन्ही सर्किटं तंतोतंत सारखी होतात. त्यामुळे कायम दहावर वाजवणाऱ्याने सोल्डरिंग आयर्न तापवायची गरज नाही. व्हॉल्यूम सहा-सातवर आणून क्लीन ऱ्हिदम वाजवायचा आणि सोलोला परत वर न्यायचा, अशी सवय असेल तर मात्र पुढचं सगळं कामाचं आहे. व्हॉल्यूम खाली आणला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो ही तक्रार बहुतेक वेळा मॉडर्न वायरिंगच्या गिटारबद्दल असते.

इथे गृहीत धरलेली गिटार म्हणजे गिब्सन कंपनीची लेस पॉल किंवा तिच्या धर्तीची कुठलीही: दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, दोन टोन, तीन जागांचा स्विच. गिब्सनने लेस पॉल १९५२ मध्ये पी-९० हे एका कॉइलचे पिकअप लावून आणली. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी बनवलेला हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन कॉइलांचा पिकअप, तिच्यावर १९५७ पासून बसू लागला. एपिफोन, एसजी आणि चार नॉबांच्या बहुतेक नकलांना हेच लागू पडतं. फेंडरच्या स्ट्रॅट आणि टेलीचं शेवटी पाहू.

फरक कुठे आहे

टोन कंट्रोल म्हणजे एक कपॅसिटर आणि एक पॉट, एकामागोमाग एक जोडून ग्राउंडला नेलेले. पॉट शून्याकडे फिरवला की वरच्या पट्टीचा आवाज कपॅसिटरमधून ग्राउंडला निघून जातो. प्रश्न एवढाच की ही जोडी व्हॉल्यूम पॉटच्या कुठल्या पायाला लावायची.

मॉडर्न वायरिंगमध्ये ती पिकअपची वायर येते त्याच पायाला असते, म्हणजे व्हॉल्यूमच्या आधी. फिफ्टीज वायरिंगमध्ये ती मधल्या पायाला असते, जिथून सिग्नल स्विचकडे जातो, म्हणजे व्हॉल्यूमच्या नंतर. बाकी सगळं तेच. पिकअप, पॉट, कपॅसिटर, जॅक यातलं काहीही बदलत नाही.

बाजारात ‘व्हिंटेज वायरिंग किट’ या नावाखाली जाळीदार वायर, कापडी आवरणाच्या तारा आणि महागडे ऑइल कपॅसिटर असं सगळं एकत्र विकलं जातं. त्यातल्या वायरींचा काळाशी संबंध खरा आहे, आवाजाशी फारसा नाही. कपॅसिटर कुठल्या पायाला लावला आहे त्यावरच ते किट ‘व्हिंटेज’ आहे की नाही हे ठरतं, आणि तेवढा बदल जुन्याच सामानात फुकट होतो.

व्हॉल्यूम खाली आणल्यावर काय घडतं

केबल हाही एक कपॅसिटर असतो. साधारण गिटार केबलची क्षमता (कपॅसिटन्स) मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे ५ मीटरची केबल ५०० पिकोफॅरड. व्हॉल्यूम दहावर असताना पिकअप थेट केबलला जोडलेला असतो. सुमारे ४.५ हेन्री इंडक्टन्सचा हंबकर आणि सगळी मिळून ७०० पिकोफॅरड क्षमता धरली, तर रेझोनन्स, म्हणजे आवाज सर्वांत उचलला जातो ती जागा, २.८ किलोहर्ट्झच्या जवळपास येतो. ओळखीचा हंबकरी आवाज बराचसा या उंचवट्यामुळे येतो.

आता ५०० किलोओमचा पॉट असा फिरवा की वर २५० आणि खाली २५० किलोओम उरतील. केबलच्या बाजूने पाहिलं तर हे दोन्ही समांतर, म्हणजे सिग्नलच्या वाटेत १२५ किलोओम उभे राहिले. १२५ किलोओम आणि ५०० पिकोफॅरड मिळून २.५ किलोहर्ट्झपासून ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, कापायला लागतात. मॉडर्न वायरिंगमध्ये आवाज मंद होतो तो असा. अँपचा १ मेगओहम इनपुट आणि पिकअपचा स्वतःचा रोध या हिशोबात सोडून दिला आहे, पण चित्र बदलत नाही.

फिफ्टीज वायरिंगमध्ये याच जागी दोन गोष्टी वेगळ्या होतात. टोनचा ५०० किलोओमचा पॉट आता मधल्या पायाला लागलेला असतो, म्हणून वाटेतला रोध १२५ वरून १०० किलोओमवर येतो आणि कापायची सीमा २.५ वरून ३.२ किलोहर्ट्झवर सरकते. दुसरी गोष्ट पिकअपवरच्या लोडची. मॉडर्न वायरिंगमध्ये व्हॉल्यूम आणि टोन हे दोन ५०० किलोओम पिकअपला कायम समांतर, म्हणजे नॉब कुठेही असला तरी २५० किलोओम. फिफ्टीजमध्ये टोनचा पॉट वरच्या २५० किलोओमच्या पलीकडे ढकलला जातो आणि पिकअपला सुमारे ४१७ किलोओम दिसतात. लोड हलका झाला की रेझोनन्सचा उंचवटा टोकदार राहतो.

याची किंमत म्हणून त्याच जागी एकूण आवाज साधारण २ डेसिबलने कमी होतो. म्हणजे फिफ्टीज वायरिंग नवा ट्रेबल कुठूनही आणत नाही. ते मिड्स आणि बेस थोडे जास्त खाली नेतं आणि ट्रेबल जागेवर ठेवतं. ऐकणाऱ्याला तो आवाज ‘उघडा’ वाटतो. ओव्हरड्राइव्ह झालेल्या ट्यूब अँपवर हे सगळ्यात चांगलं कळतं: नॉब सहावर आणला की घरघर जाते आणि तारेवरचा पिकाचा आघात टिकतो.

केबल ३ मीटरची असेल तर मॉडर्न वायरिंगमधली ती सीमाही ४.२ किलोहर्ट्झवर जाते. गिटारनंतर लगेच बफर (पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असलेला पेडल किंवा वायरलेस ट्रान्समीटर असेल तर गिटारला दिसणारी केबल तेवढीच उरते आणि दोन्ही वायरिंगमधला फरक खूप आटतो. म्हणून आयर्न हातात घेण्याआधी लहान केबल लावून बघावी. कित्येकांचं काम तिथेच भागतं.

टोन नॉब आता वेगळा वागणार

फिफ्टीज वायरिंग करून नाराज होणारे बहुतेक जण टोनमुळे नाराज होतात, आणि कारण आधी माहीत नसतं म्हणून काहीतरी चुकीचं जोडलं गेलं असं समजतात.

मॉडर्न वायरिंगमध्ये टोन शून्यावर आणला की ०.०२२ मायक्रोफॅरड थेट पिकअपला समांतर येतो. ४.५ हेन्रीबरोबर त्याचा नवा रेझोनन्स ५०० हर्ट्झच्या जवळ तयार होतो. एरिक क्लॅप्टनच्या साठच्या दशकातल्या आवाजाला ‘वुमन टोन’ म्हणतात तो याच कुटुंबातला: ट्रेबल नाही, पण मध्ये भरीव, गाणारा उंचवटा. व्हॉल्यूम खाली असला तरी हा उंचवटा बऱ्यापैकी राहतो, कारण टोनची जोडी पिकअपच्या बाजूला आहे.

फिफ्टीजमध्ये व्हॉल्यूम अर्ध्या रोधावर आणि टोन शून्यावर असेल तर तोच ०.०२२ मायक्रोफॅरड १२५ किलोओमच्या पलीकडे लटकतो. त्याची सीमा येते ५८ हर्ट्झला. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा आहे. म्हणजे गिटारचा प्रत्येक सूर कापला जातो, उंचवटा उरत नाही, आणि टोनचा नॉब दुसऱ्या व्हॉल्यूमसारखा वागतो. हा बिघाड नाही, सर्किटचा स्वभाव आहे.

उपाय दोन. व्हॉल्यूम खाली असताना टोन चारच्या खाली न्यायचा नाही. किंवा कपॅसिटर लहान घ्यायचा: नेकच्या, म्हणजे मानेजवळच्या पिकअपला ०.०१५ किंवा ०.०१ मायक्रोफॅरड. नेक पिकअप मुळातच गडद असल्याने तिथे लहान कपॅसिटर दोन्ही वायरिंगमध्ये शोभतो. पूर्ण वुमन टोन हवा असेल तर व्हॉल्यूम दहावर ठेवावा, तिथे दोन्ही सारखेच आहेत.

जॅझ वाजवणारे, टोन तीनवर आणि व्हॉल्यूम सातवर ठेवून अख्खा कार्यक्रम करणारे, यांनी मॉडर्न वायरिंगच ठेवावं. हाय-गेन, म्हणजे खूप डिस्टॉर्शन घेऊन वाजवणाऱ्यालाही बदलून फार काही मिळत नाही.

सामान

नुसता बदल करायचा तर नवीन काहीच लागत नाही. पॉट मात्र आधी मोजावेत. गिब्सनने सत्तरच्या दशकापासून बऱ्याच मॉडेलांत ३०० किलोओमचे व्हॉल्यूम पॉट लावले, आणि लिनिअर पॉटही पुष्कळ गिटारींत सापडतात. पाठीवरचा किंवा कडेचा शिक्का वाचावा: ‘ए ५०० के’ म्हणजे ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा बदलतोय असं वाटेल असा), ‘बी ५०० के’ म्हणजे लिनिअर (रोध सारख्या प्रमाणात बदलणारा). लिनिअर व्हॉल्यूमवर फिफ्टीज वायरिंग करून मजा येत नाही. दहापासून चारपर्यंत आवाज जेमतेम हलतो आणि मग एकदम कोसळतो. चारही पॉट ५०० किलोओम ऑडिओ टेपरचे असावेत.

पॉटवर ५०० लिहिलेलं असलं तरी २० टक्क्यांची सूट असते, म्हणजे ४०० ते ६०० किलोओममधलं काहीही निघू शकतं. चार पॉट घेतले की मल्टीमीटरने दोन्ही टोकांच्या पायांमध्ये मोजावेत. सर्वांत मोठा नेकच्या व्हॉल्यूमला लावावा, तिथे ट्रेबलची गरज जास्त असते. भारतीय इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ४७० किलोओमचे पॉट मिळतात, आवाजाच्या दृष्टीने तेही चालतील. अडचण दांड्याची आणि नॉबची येते. गिब्सनच्या पद्धतीच्या, सीटीएस कंपनीच्या पॉटचा आट्यांचा भाग ९.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि आशियात बनलेल्या गिटारींची भोकं त्याहून लहान असतात. भोक मोठं करायचं तर रीमरने हळूहळू करावं, ड्रिल वापरल्यास वरचं लाकूड आणि पॉलिश उडतं. आट्यांची लांबीही मोजून घ्यावी, कारण कोरीव माथ्याच्या लेस पॉलला लांब मानेचा पॉट लागू शकतो.

कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड, पॉलिएस्टर फिल्मचा. अंगावर ‘२२३’ लिहिलेलं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास काही रुपयांत मिळतो. १०० व्होल्टचा पुरतो. गिटारमध्ये एक व्होल्टच्या आसपासचाच खेळ असतो, जुन्या गिटारींतल्या कपॅसिटरवर ४०० व्होल्ट लिहिलेलं असे ते त्या काळच्या रेडिओच्या सामानामुळे. मोजून एकाच मापाचे निघालेले दोन कपॅसिटर, एक तेलातल्या कागदाचा आणि एक साध्या फिल्मचा, गिटारमध्ये वेगळे वाजत नाहीत. पन्नाशीच्या दशकातले काळे पट्टेदार ‘बंबलबी’ आज मोजले तर माप सरकलेलं असतं, काही तर गळतात. त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजणं हा संग्रहाचा छंद झाला.

हत्यारं: टोकाचं तापमान राखणारं ४० ते ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, डिसोल्डर पंप किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), मल्टीमीटर, पक्कड, हीट-श्रिंक नळी. २५ वॅटचं साधं आयर्न पायांना पुरेल, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड टेकवायला नाही: धातूची पाठ उष्णता ओढून घेते, आपण आयर्न धरून बसतो, आणि तोवर आतली कार्बनची पट्टी भाजून निघते.

काम

उघडण्यापूर्वी आकडे लिहून ठेवा. गिटारला केबल लावा, सगळे नॉब दहावर, मल्टीमीटर २० किलोओमवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या शेंड्यावर व दांड्यावर तारा टेकवा. स्विचच्या नेक, ब्रिज (मागचा पिकअप) आणि मधल्या जागेचा आकडा घ्या. नेक ७.६ आणि ब्रिज ८.२ किलोओम असेल तर मध्ये ३.९ च्या आसपास यायला हवा. काम झाल्यावर हेच तीन आकडे परत आले पाहिजेत.

गिटारच्या तारा काढायची गरज नाही, सगळं मागच्या झाकणाखाली आहे. जाड टॉवेलवर गिटार पालथी ठेवा, मानेखाली आधार द्या, आणि पोकळीभोवतीच्या पॉलिशवर पुठ्ठा किंवा कापड चिकटवा. सोल्डरचा एक शिंतोडा पॉलिशला कायमचा डाग देतो. झाकण काढल्यावर तीन-चार बाजूंनी फोटो घ्या. पंखा सोल्डरवर नको, पण खिडकी उघडी हवी. सोल्डरमध्ये शिसं असतं, जेवणाआधी हात धुवा.

आता कुठलं वायरिंग आहे ते ओळखायचं. मल्टीमीटर इथे कामाचा नाही, कारण कपॅसिटर डीसी अडवतो. डोळ्यांनीच पाहावं लागतं. व्हॉल्यूम पॉटची पाठ आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावा पाय पिकअपचा, मधला बाहेर जाणारा आणि उजवा पाठीवर वाकवून ग्राउंड केलेला. डावखुऱ्या गिटारमध्ये उलटं असू शकतं. शंका असेल तर नॉब दहावर नेऊन मधल्या आणि बाजूच्या पायामध्ये मोजा: शून्य ओम दाखवेल तो पिकअपचा पाय. कपॅसिटरचं टोक तिथे असेल तर वायरिंग मॉडर्न, मधल्या पायावर असेल तर फिफ्टीज.

कधी कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटला लागलेला दिसतच नाही. व्हॉल्यूमपासून टोन पॉटपर्यंत नुसती वायर असते आणि कपॅसिटर टोन पॉटच्या पायापासून त्याच्या पाठीवर गेलेला असतो. पॉट आधी की कपॅसिटर आधी याने आवाजात काही फरक पडत नाही. अशा गिटारमध्ये ती वायरच हलवायची.

बदल करताना टोन पॉटला हात लावू नका. पिकअपच्या पायावरचं सोल्डर वितळवा, कपॅसिटरचं टोक सोडवा, पण पिकअपची वायर तिथेच राहू द्या. दोन्ही एकाच थेंबात अडकलेल्या असतात, म्हणून पिकअपची वायर पक्कडीने धरून ठेवणं बरं. आधी मधल्या पायावरचं जुनं सोल्डर पंपाने थोडं काढा, भोक मोकळं करा, कपॅसिटरच्या टोकावर नळी चढवा, टोक भोकातून ओढून वाकवा आणि मग सोल्डर लावा. आयर्न ३५०–३७० अंशांवर. आधी पाय आणि तार तापवायची, मग सोल्डर त्यांना लावायचं, आयर्नला नाही. दोन-तीन सेकंदांत वाहायला हवं. वाहिलं नाही तर थांबा, थंड होऊ द्या, टोक साफ करून पुन्हा करा. थंड झाल्यावर जोड चकचकीत आणि आत दबलेला दिसला पाहिजे. राखाडी, फुगीर गोळा म्हणजे कच्चा जोड.

दुसऱ्या पिकअपला लगेच हात लावू नका. एकच बदलून अँपवर ऐका. नेकवर फिफ्टीज आणि ब्रिजवर मॉडर्न अशी मिश्र गिटारही चालते, आणि नेकच्या गढूळपणाची तक्रार असेल तर तेवढंच पुरतं.

ग्राउंड पॉटच्या पाठीवर नव्याने लावायची वेळ आली तर पाठ आधी बारीक पॉलिश पेपरने खरवडा. गुळगुळीत निकेलवर सोल्डर वरवर बसतं आणि महिन्याभरात सुटतं.

झाकण लावण्यापूर्वी तीन आकडे पुन्हा मोजा. मग अँपला जोडून तारांऐवजी स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पिकअपच्या पोलवर (वर दिसणाऱ्या धातूच्या टोकांवर) हळूच टकटक करा: स्विचच्या प्रत्येक जागी बरोबर त्याच पिकअपचा आवाज आला पाहिजे. ऐकून पाहण्यासाठी अँप घरघर सुरू होण्याच्या काठावर ठेवा. व्हॉल्यूम दहावर आवाज पूर्वीसारखाच हवा. तिथेच वेगळा वाटला तर जोडणीत गडबड आहे. मग सातवर, मग पाचवर.

चुकलं तर काय ऐकू येतं

पूर्ण शांतता: जाळीदार वायरच्या बाहेरच्या जाळीचा एखादा तंतू गरम, म्हणजे सिग्नलच्या पायाला टेकलेला असतो, किंवा कपॅसिटरचं व्हॉल्यूमकडचं उघडं टोक पॉटच्या पाठीला लागलेलं असतं. दोन्हींत सिग्नल सरळ ग्राउंडला जातो. आवाज येतो पण टोन कायम शून्यावर असल्यासारखा बंद: कपॅसिटरचं टोन पॉटकडचं टोक पाठीला टेकलं आहे. टोन काहीच करत नाही: टोन पॉटचं ग्राउंड सुटलं आहे. व्हॉल्यूम शून्यावरही बारीक आवाज राहतो: व्हॉल्यूमचा उजवा पाय पाठीशी नीट जोडलेला नाही.

मधल्या जागी आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा झाला तर दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो आहे. निव्वळ कपॅसिटर हलवून हे होत नाही, पण पिकअप बदलले असतील तर होतं. चार तारांच्या पिकअपमध्ये रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो: सीमोर डंकनमध्ये काळी गरम, लाल व पांढरी एकमेकींना, हिरवी व उघडी ग्राउंडला, दिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी व पांढरी एकमेकींना, हिरवी व उघडी ग्राउंडला. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की पिकअपची जोडणीच चुकते.

गुणगुण वाढली आणि तारांना हात लावल्यावर थांबत असेल, तर गिटारचं ग्राउंड ठीक आहे. खोलीतला ५० हर्ट्झचा हस्तक्षेप आहे, पोकळीला तांब्याची पट्टी लावून तो कमी होईल. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर गरम आणि ग्राउंड अदलाबदल झालेत. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार बंद करा आणि आधी प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. त्याचा वायरिंगच्या प्रकाराशी संबंध नाही आणि तो जिवाचा प्रश्न आहे.

किनारपट्टीच्या दमट हवेत पॉट खरखरतो तो बहुतेक वेळा धूळ आणि ऑक्सिडेशनमुळे. बदलण्याआधी पॉटच्या पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा.

ट्रेबल ब्लीड आणि वेगळे व्हॉल्यूम

ट्रेबल जाण्यावर दुसरा इलाज म्हणजे व्हॉल्यूमच्या पिकअपकडच्या आणि मधल्या पायामध्ये लहान कपॅसिटर. १ नॅनोफॅरड, म्हणजे ‘१०२’, आणि त्याला समांतर १५० किलोओमचा रेझिस्टर हे नेहमीचं माप. नुसता कपॅसिटर लावला तर खाली आणताना आवाज कर्कश होत जातो, म्हणून रेझिस्टर. मॉडर्न वायरिंगच्या टोनचा स्वभाव हवा आणि ट्रेबलही टिकायला हवा, अशांनी हा मार्ग घ्यावा. फिफ्टीज वायरिंगवर ट्रेबल ब्लीड लावू नये, दोन्हींचा परिणाम एकत्र येऊन व्हॉल्यूम चारवर गिटार पत्र्यासारखी वाजते.

स्विच मध्ये असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की पूर्ण गिटार गप्प होते, हे दोन्ही वायरिंगमध्ये होतं. फिफ्टीज करून ते सुटत नाही. त्यासाठी पिकअपची वायर मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी वायर बाजूच्या पायाला अशी अदलाबदल करतात. मग दोन्ही व्हॉल्यूम स्वतंत्र होतात, पण नॉब जरा खाली आणला की पॉटचा खालचा भाग थेट पिकअपला समांतर येतो आणि ट्रेबल झपाट्याने जातो. दोन पिकअप सतत मिसळून वाजवत असाल तरच हा सौदा परवडतो.

छापील सर्किट बोर्ड आणि फेंडर

२०१० च्या आसपासच्या कित्येक गिब्सनमध्ये पॉट छापील सर्किट बोर्डवर बसवलेले असतात आणि पिकअप प्लगने जोडलेले. बोर्डवरचा ट्रॅक कापून वायर टाकता येते, पण ती कसरत करण्यापेक्षा बोर्ड पूर्ण काढून जपून ठेवावा आणि चार नवे पॉट हाताने जोडावेत. पुढे गिटार विकायची झाली तर मूळ बोर्ड परत बसवता येतो.

टेलीकास्टरला एक व्हॉल्यूम, एक टोन, त्यामुळे हाच बदल तिथे सर्वांत सोपा: टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पिकअपकडच्या पायावरून मधल्या पायावर. पॉट २५० किलोओमचे असल्याने फरक लेस पॉलपेक्षा सौम्य वाटतो. टेलीच्या बाबतीत ‘व्हिंटेज वायरिंग’ म्हटलं की मात्र वेगळीच गोष्ट अभिप्रेत असते: १९५२ ते १९६७ पर्यंत तिच्या स्विचच्या पुढच्या जागी नेक पिकअप मोठ्या कपॅसिटरमधून, बेससारखा गडद येई, मधल्या जागी टोनसह नेक, आणि मागे ब्रिज. दोन्ही पिकअप एकत्र येणारी जागा नंतर आली. दुकानात विचारताना यातलं कोणतं हवं ते स्पष्ट सांगावं.

स्ट्रॅटमध्ये टोनचे पॉट स्विचला जोडलेले असतात, व्हॉल्यूमच्या आधी, आणि मूळ रचनेत ब्रिज पिकअपला टोनच नसतो. दोन टोन वेगवेगळ्या पिकअपसाठी असल्याने ते मधल्या पायावर नेले तर दोन्ही कायम सर्किटमध्ये राहतात. तिथे ट्रेबल ब्लीड लावणं सरळ पडतं. ब्रिजला टोन हवा असेल तर स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनच्या पायापासून ब्रिजच्या पायापर्यंत दोन सेंटिमीटरची एक वायर पुरते.